बॉब हेज : वेग, आकडे आणि न्याय

अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्याला फुटबॉल म्हणायला आपले मन तयार होत नाही, आणि एका परीने ते योग्यच आहे. त्या खेळात पायाचा आणि चेंडूचा संबंध क्वचितच येतो. चेंडूही गोल नसतो; दोन्ही टोकांना निमुळता, लांबट असतो. चिलखत चढवल्यासारखे दिसणारे खेळाडू, दर काही सेकंदांनी थांबणारा खेळ, मध्येच एकमेकांवर कोसळलेल्या माणसांचा ढीग, असा हा सारा प्रकार प्रथमदर्शनी केवळ धसमुसळेपणाचा वाटतो. पण थोडा अभ्यास केला म्हणजे लक्षात येते, की या धसमुसळेपणाच्या आड बुद्धिबळासारखी डाव-प्रतिडावांची रचना दडलेली आहे. या रचनेत एका माणसाने मुख्यतः आपल्या पायांतील वेगाच्या बळावर मोठी उलथापालथ घडवून आणली. त्याचे नाव बॉब हेज. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमधील शंभर मीटर शर्यतीचा विजेता म्हणून ते नाव क्रीडाप्रेमींना ठाऊक असते. परंतु त्यानंतर अकरा हंगाम तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये ‘वाइड रिसीव्हर’ म्हणून खेळला, आणि ही कारकीर्द कोणत्या मापाने मोजायची याविषयी तेथील जाणकारांत दीर्घकाळ वाद चालू राहिला, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो वादच आहे.

प्रथम खेळाची तोंडओळख करून घेऊ. मैदान दोन गोलरेषांच्या दरम्यान शंभर यार्ड लांब असते. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तेवढे जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असे सरकत सरकत शेवटची रेषा ओलांडली म्हणजे ‘टचडाउन’ होतो व सहा गुण मिळतात. प्रत्येक प्रयत्नात चेंडू प्रथम ‘क्वार्टरबॅक’ नावाच्या सूत्रधाराच्या हाती येतो. तो एक तर चेंडू जवळच्या धावणाऱ्या गड्याच्या हाती देतो, किंवा दूर फेकतो. हा फेकलेला चेंडू झेलणे हे वाइड रिसीव्हरचे मुख्य काम. तो इतरांपासून लांब, मैदानाच्या कडेला उभा असतो. इशारा होताच ठरलेल्या वाटेने धावत सुटायचे, ठरलेल्या पावलाला वळायचे, आणि अंगाला चिकटलेल्या रक्षकाला चुकवून चेंडू हातांत घ्यायचा. बहुतेक वेळा चेंडू त्याच्याकडे येतच नाही. पण येणार नाही हे माहीत असूनही त्याला तितक्याच जोमाने धावावे लागते. कारण त्याच्या धावण्याने रक्षक मागे ओढले जातात व इतरांना मोकळी जागा मिळते. हे निष्फळ दिसणारे धावणे कोणत्याही तक्त्यात नोंदले जात नाही. वाचकांनी ही गोष्ट मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

रॉबर्ट हेजचा जन्म २० डिसेंबर १९४२ रोजी फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल या गावी झाला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, सामने वेगळे आणि अजिंक्यपदेही वेगळी असत. हेज ज्या मॅथ्यू गिल्बर्ट शाळेत शिकला ती काळ्या मुलांची. १९५८ साली या शाळेच्या संघाने काळ्या शाळांचे राज्य अजिंक्यपद मिळवले, त्या संघात तो होता. पण राखीव खेळाडू म्हणून. पुढे त्याने टॅलहासी येथील फ्लॉरिडा ए अँड एम विद्यापीठात प्रवेश घेतला. तेही काळ्या विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले. तेथे जेक गेदर या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली तो फुटबॉल खेळे, आणि फुटबॉलच्या हंगामानंतर धावण्याच्या शर्यतींत उतरे.

शर्यतींत मात्र तो राखीव राहिला नाही. १९६२ साली मायामी विद्यापीठाच्या मैदानावर त्याने शंभर यार्डांचे अंतर ९.२ सेकंदांत कापून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. पुढच्याच वर्षी सेंट लुइस येथे ही वेळ ९.१ वर आली. १९६४ मध्ये साठ यार्डांची शर्यत सहा सेकंदांच्या आत पुरी करणारा तो पहिला माणूस ठरला. त्याचे धावणे पाहण्यास सुंदर होते असे मात्र कोणी म्हणत नाही. डौलदार, सरळ, हलक्या पावलांचा धावपटू आपल्या डोळ्यांपुढे असतो, तसा तो नव्हता. खांदे डुलत, पावले किंचित आत वळलेली, जणू जमिनीवर राग काढीत तो धावे. शैलीपुरते बोलायचे तर तो धावपटू कमी आणि फुटबॉलपटू जास्त होता.

टोकिओच्या अंतिम शर्यतीत त्याच्या वाट्याला पहिली, म्हणजे सर्वांत आतली धावपट्टी आली. त्या वेळी धावपट्ट्या कोळशाच्या राखेच्या भुकटीने केलेल्या असत (अशा मार्गावर झालेले ते शेवटचे ऑलिंपिक), आणि ही आतली पट्टी चालण्याच्या शर्यतीतील स्पर्धकांच्या पायांनी उखडून गेली होती. त्यात भर म्हणजे त्याचा एक बूट खोलीतल्या खाटेखाली राहून गेल्यामुळे उसन्या बुटावर धावावे लागले. तरीही १०.० सेकंदांत, जागतिक विक्रमाशी बरोबरी करीत तो पहिला आला. दुसरा आलेला क्यूबाचा फिगरोला त्याच्या मागे ०.२ सेकंद होता. शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एवढे अंतर म्हणजे जवळजवळ दोन मीटरांची तफावत. याच टोकिओत भारताने पाकिस्तानला १-० असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक परत मिळवले, आणि आपला गुरबचनसिंग रंधावा ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पाचवा आला, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

परंतु हेजचा खरा पराक्रम सहा दिवसांनी, चार गुणिले शंभर मीटर रिले शर्यतीत दिसला. शेवटच्या शंभर मीटरसाठी बॅटन त्याच्या हाती आले तेव्हा अमेरिकन संघ बराच मागे, पाचव्या जागी होता. हेजने सर्वांना मागे टाकून तीन मीटरांच्या आसपास अंतराने शर्यत जिंकली, आणि ३९.० सेकंदांचा नवा जागतिक विक्रम झाला. त्याच्या एकट्याच्या शंभर मीटरची वेळ वेगवेगळ्या जाणकारांनी ८.५ ते ८.९ सेकंद अशी धरली आहे. ती धावत्या प्रारंभाची वेळ आहे, आणि हाताने चालवलेल्या घड्याळावरची आहे, हे खरे. पण तेवढी सूट देऊनही आकडा चकित करणारा आहे. शर्यतीपूर्वी फ्रेंच संघातील धावपटूने, ‘तुमच्याकडे हेजशिवाय आहेच काय?’ असे अमेरिकनांना डिवचले होते, आणि ‘आम्हाला तेवढाच पुरे’ असे उत्तर त्याला मिळाले, अशी हकिकत सांगतात.

ती त्याची शेवटची शर्यत. वय अवघे एकवीस! हौशी खेळाडूंच्या नियमांप्रमाणे शर्यतीसाठी पैसे घेणे वर्ज्य होते, आणि पदकांवर पोट भरत नाही. डॅलस काउबॉइज या संघाने त्याला अगोदरच १९६४ च्या निवडीत, तेही सातव्या फेरीत, म्हणजे एकूण ८८ व्या क्रमांकावर निवडून ठेवले होते. हा क्रमांक बोलका आहे. वेगवान धावपटू फुटबॉलमध्ये चालतोच असे नाही, हे संघमालकांना ठाऊक होते. त्यांचे बरोबर होते हे पुढेही दिसले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकणारा जिम हाइन्स व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला, त्याला एका हंगामात दोनच झेल जमले. त्याच ऑलिंपिकचा दोनशे मीटरचा विजेता टॉमी स्मिथ याच्या नावावर तर एकच झेल आहे. सरळ रेषेत, मोकळ्या पट्टीवर, कोणी आडवे येणार नाही अशा खात्रीने धावणे वेगळे. आणि शंभर किलोचा माणूस अंगावर येत असता मागे वळून चेंडू झेलणे वेगळे. हेजला हे दुसरे साधले, कारण तो मुळात फुटबॉल खेळणारा मुलगा होता. ‘जगातला सर्वांत वेगवान माणूस फुटबॉलमध्ये आला’ असे सर्वत्र लिहिले जाते. माझ्या मते, एका फुटबॉलपटूने मध्यंतरी ऑलिंपिक जिंकले, असे म्हणणे अधिक खरे.

१९६५ च्या पहिल्याच हंगामात त्याने ४६ झेल घेतले, १,००३ यार्ड मिळवले आणि १२ टचडाउन केले. दर झेलामागे जवळजवळ २२ यार्ड! दुसऱ्या वर्षी ६४ झेल, १,२३२ यार्ड आणि १३ टचडाउन. त्या वर्षी १३ नोव्हेंबरला वॉशिंग्टनविरुद्धच्या एका सामन्यात त्याने २४६ यार्ड मिळवले. त्यांतला एक झेल तर ९५ यार्डांच्या टचडाउनचा होता. तो सामना डॅलसने अवघ्या एका गुणाने, ३१-३० असा जिंकला.

आता प्रतिपक्षाने काय करावे? त्या काळची रूढ बचावपद्धती ‘माणसामागे माणूस’ अशी होती. प्रत्येक रिसीव्हरला एक रक्षक नेमून द्यायचा आणि त्याने सावलीसारखे मागे राहायचे. ही पद्धत एका गृहीतावर उभी आहे: रक्षक व रिसीव्हर यांच्या वेगात फार फरक नसावा. हेजने हे गृहीतच मोडून काढले. त्याच्या बरोबरीने धावू शकेल असा रक्षक कोणाकडेच नव्हता. म्हणून एकाऐवजी दोन रक्षक त्याच्यावर ठेवण्यात येऊ लागले. पण मग दुसरीकडे एक जागा ओकी पडे. हळूहळू संघ ‘झोन’ पद्धतीकडे वळले. माणसाची नव्हे, जागेची राखण करायची. आपल्या टापूत जो येईल त्याला अडवायचे, आणि एकाने तरी अगदी खोलवर, सर्वांच्या मागे थांबायचे. अशी व्यवस्था असली म्हणजे कोणी कितीही वेगाने धावला तरी पुढे कोणीतरी उभा असतोच. शिवाय सुरुवातीलाच धक्के देऊन त्याची लय मोडण्याचाही उपाय होता, आणि नियमही त्याला अनुकूल होते. चेंडू फेकला जाईपर्यंत रिसीव्हरला वाटेत अडवण्यावर, ढकलण्यावर त्या वेळी फारसे बंधन नव्हते.

झोन पद्धतीच्या प्रसाराचे श्रेय तेथील क्रीडालेखक हेजला देतात. हे विधान मला थोडे जपून स्वीकारावेसे वाटते. झोनची कल्पना त्यापूर्वीही अज्ञात नव्हती; आणि लांब पल्ल्याचा चेंडू झेलणारा तो एकटाच नव्हता, त्याच सुमारास सॅन डिएगोकडून खेळणारा लान्स ऑलवर्थही तितकाच धोकादायक होता. एका माणसाने खेळ बदलला असे म्हणणे इतिहासलेखनाला सोयीचे असते, एवढेच. परंतु हेजमुळे हा बदल निकडीचा झाला, एवढे कोणी नाकारणार नाही.

आणि येथेच त्याच्या कारकिर्दीतील पेच सुरू होतो. प्रतिपक्ष जितका अधिक त्याला घाबरे, तितका चेंडू त्याच्याकडे कमी येई. त्याच्या भीतीने दोन रक्षक मागे सरकत, पुढची जागा मोकळी होई, आणि त्या जागेत दुसरेच खेळाडू यार्ड मिळवत. त्या यार्डांवर नाव दुसऱ्याचे. १९७० साली त्याला झेल मिळाले फक्त ३४. पण त्यांत ८८९ यार्ड आणि १० टचडाउन होते. दर झेलामागे २६ यार्डांहून अधिक! त्या वर्षी त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी ह्यूस्टनविरुद्ध त्याने एकाच सामन्यात चार टचडाउन केले. पुढल्या वर्षी ३५ झेलांत ८४० यार्ड. म्हणजे वेग ओसरला नव्हता. संधी कमी झाल्या होत्या.

त्याच्या दुबळ्या बाजूही नोंदवणे प्राप्त आहे. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे अजिंक्यपदाचा सामना उणे पंचवीस अंश सेल्सिअसच्या गोठवणाऱ्या थंडीत झाला. ‘आइस बोल’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. फ्लॉरिडाच्या उष्ण हवेत वाढलेला हेज, ज्या डावात चेंडू आपल्याकडे यायचा नसे त्या डावात, दोन्ही हात विजारीत खुपसून उभा राही. प्रतिपक्षाच्या रक्षकांनी हे हेरले, आणि हेजचे हात पाहूनच त्यांना डाव कळू लागला. त्या सामन्यात त्याला तीन झेलांत १६ यार्ड मिळाले, आणि डॅलसने अखेरच्या काही सेकंदांत सामना २१-१७ असा गमावला. आदल्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या सामन्यातही त्याला एकच झेल व एकच यार्ड मिळाला होता. मोठ्या सामन्यांत तो दिसत नाही, असा आक्षेप टीकाकार घेत. तो अगदीच निराधार नव्हता.

जानेवारी १९७२ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे डॅलसने मायामीचा २४-३ असा पराभव करून सुपर बोल जिंकला. ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणि सुपर बोलच्या विजेत्यांना मिळणारी अंगठी या दोन्ही गोष्टी मिळवणारा दुसरा कोणी नाही. पण त्या सामन्यात हेजचे झेल दोनच. लगेच पुढच्या हंगामात त्याला १५ झेल मिळाले आणि टचडाउन एकही नाही. वेगावर उभारलेली कारकीर्द उतरू लागली म्हणजे किती झपाट्याने उतरते, हे पाहून मन विषण्ण होते. १९७५ चा हंगाम त्याने सॅन फ्रान्सिस्कोकडून खेळला, सहा झेल घेतले, आणि व्यावसायिक खेळ संपला. त्या वेळी तो तेहेतीस वर्षांचाही झाला नव्हता.

पुढची कथा दुःखद आहे. दारू आणि अमली पदार्थ यांच्या विळख्यात तो सापडला. वेशांतर केलेल्या पोलिसाला अमली पदार्थ पोचवल्याचा गुन्हा त्याने १९७९ साली कबूल केला. शिक्षा पाच वर्षांची झाली; त्यांपैकी सुमारे दहा महिने त्याने टेक्ससच्या तुरुंगात काढले. नंतरही व्यसनमुक्तीसाठी त्याला पुनःपुन्हा उपचार घ्यावे लागले. १९९० मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पन्नाशी उलटल्यावर तो पुन्हा आपल्या विद्यापीठात गेला व अपुरी राहिलेली पदवी, तीही प्राथमिक शिक्षणशास्त्राची, त्याने पुरी केली. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना या एका गोष्टीचे त्याच्या सुवर्णपदकांइतकेच अप्रूप वाटावे.

आता मूळ वादाकडे वळू. ओहायो राज्यातील कँटन येथे १९६३ पासून व्यावसायिक फुटबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे कीर्तिमंदिर, आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडू त्यासाठी पात्र होतो. निवड मुख्यतः क्रीडापत्रकारांची समिती करते, आणि अंतिम फेरीत ऐंशी टक्के मते पडावी लागतात. मैदानी शर्यतींच्या अमेरिकन संस्थेने हेजचा सन्मान १९७६ मध्येच केला होता. फुटबॉलचे दार मात्र उघडेना. सुपर बोलच्या त्याच विजयी संघात त्याच्याबरोबर खेळलेला, वर उल्लेखिलेला ऑलवर्थ १९७८ मध्ये कँटनला पोचला. हेज तसाच बाहेर राहिला.

विरोधकांचे म्हणणे असे, की एकूण ३७१ झेल, ७,४१४ यार्ड आणि ७१ टचडाउन ही पुंजी लहान आहे. ऑलवर्थचे झेल ५४२ व यार्ड १०,२६६. पुढे १९८५ ते २००४ अशी वीस वर्षे खेळलेल्या जेरी राइसचे तर १,५४९ झेल व २२,८९५ यार्ड झाले! या राशीपुढे हेज कुठे राहतो? दुसरे कारण उघडपणे कमी बोलले जाई, ते म्हणजे तुरुंगवास. वस्तुतः मैदानावरील कामगिरीशिवाय दुसरे काहीही विचारात घेऊ नये, असा त्या संस्थेचा स्वतःचाच दंडक आहे. पण मत देणारा माणूस मत देताना आपल्या मनातले सारे बाजूला काढून ठेवतो, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

आकड्यांचेच म्हणाल तर ते कसे वाचायचे हा प्रश्न उरतोच. हेजच्या काळी हंगाम चौदा सामन्यांचा होता. १९७८ पासून तो सोळा सामन्यांचा झाला व २०२१ पासून सतरांचा. १९७४ मध्ये थोडा, आणि १९७८ मध्ये निर्णायक असा नियम बदलला. पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के देण्यास मनाई झाली. म्हणजे हेजला ज्या धक्क्यांतून वाट काढावी लागली ते राइसच्या वाट्याला आलेच नाहीत. एवढ्या वेगळ्या परिस्थितीतल्या बेरजा शेजारी शेजारी मांडणे म्हणजे निरनिराळ्या वजनमापांनी तोललेले धान्य एकाच खात्यावर लिहिणे होय. सरासरी पाहावी तर चित्र उलटे होते. राइसला दर झेलामागे १४.८ यार्ड मिळाले, ऑलवर्थला १८.९, हेजला २०. राइसला सुमारे आठ झेलांमागे एक टचडाउन मिळाला, हेजला पाच झेलांमागे. मी या सरासरीवरून हेजला राइसपेक्षा थोर ठरवू इच्छित नाही. वीस वर्षे टिकणे हाही एक मोठाच गुण आहे. पण ज्याच्या भीतीने बचावाच्या पद्धती बदलाव्या लागल्या, त्याच्या झेलांची नुसती बेरीज करणे म्हणजे धरणाची किंमत त्याच्या भिंतीतल्या दगडांवरून ठरवण्यासारखे आहे; भिजलेल्या रानाचा हिशेब त्यात येत नाही.

सप्टेंबर २००१ मध्ये डॅलस संघाने आपल्या मैदानावरील सन्मानितांच्या नामावळीत त्याचे नाव कोरले. तो समारंभ त्याने पाहिला. सुमारे एका वर्षाने, १८ सप्टेंबर २००२ रोजी, मूत्रपिंडे निकामी होऊन जॅक्सनव्हिलमध्येच तो वारला, वय एकोणसाठ. २००४ साली जुन्या खेळाडूंच्या गटातून त्याचे नाव कँटनच्या अंतिम यादीत आले, पण पुरेशी मते पडली नाहीत. तेव्हा पॉल झिमरमन या ज्येष्ठ क्रीडालेखकाने निषेध म्हणून निवड समितीचे काम सोडले. अखेर ३१ जानेवारी २००९ रोजी हेजची निवड झाली आणि ऑगस्टमध्ये कँटनच्या कीर्तिमंदिरात त्याचा अर्धपुतळा बसला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डॅलसच्या माइल्स ऑस्टिन या तरुण रिसीव्हरने कॅन्सस सिटीविरुद्ध एका सामन्यात २५० यार्ड मिळवले. वॉशिंग्टनविरुद्धचा हेजचा २४६ यार्डांचा संघविक्रम तोपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे, कोणाला मोडता आला नव्हता.